एक नोंद बदलण्याची मुभा आणि दहा हजार नोंदी बदलण्याची मुभा

सहकारी संस्थांच्या संगणकीय नोंदी सांभाळण्याचे काम मी करते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या ज्या संस्थांशी माझा संबंध येतो, तिथे आता एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो: सभासदांच्या नोंदी स्वच्छ करण्याचे काम एआय एजंटकडे द्यावे का? एजंट म्हणजे येथे स्वतः पायऱ्या ठरवून, डेटाबेसमध्ये जाऊन, एकापाठोपाठ एक नोंदी वाचणारा आणि बदलणारा प्रोग्राम. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात ‘सर्व सभासदांची नावे एकसारखी करा’ असे एक वाक्य टंकले जाते आणि थोड्याच वेळात हजारो ओळी बदललेल्या दिसतात. माझे उत्तर ‘द्यावे’ असेच असते. मात्र त्यासोबत मी एक अट घालते. एजंटला नोंदी बदलण्याची परवानगी देताना ती किती नोंदींपुरती आहे आणि कोणी पाहिलेल्या यादीपुरती आहे हे आधी ठरले पाहिजे, आणि ते एजंटला लिहिलेल्या सूचनेत न ठरता डेटाबेसच्या आत ठरले पाहिजे.

आमच्या भागातल्या नोंदी मुळातच अवघड आहेत. एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत, जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये आणि पॅन कार्डावर इंग्रजीत असते, आणि या तिन्हींची वळणे एकमेकांशी जुळतातच असे नाही. ज्ञानेश्वर हे नाव मराठी वळणाने इंग्रजीत लिहिले तर डी-एन-वाय या अक्षरांनी सुरू होते, कन्नड वळणाने लिहिले तर जे-एन किंवा जी-एन या अक्षरांनी. परशराम आणि परशुराम ही कागदावर दोन नावे असली तरी बहुधा माणूस एकच असतो. गावांच्या बाबतीत अडचण नेमकी उलटी आहे. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही बेळगावलगतची दोन वेगळी गावे आहेत, परंतु इंग्रजी नोंदवहीत त्यांच्यातला फरक ‘बी.के.’ आणि ‘के.एच.’ एवढ्यापुरता उरतो, आणि नोंदी स्वच्छ करायला निघालेल्या प्रोग्रामला तो मजकूर सहज अनावश्यक वाटू शकतो. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत मला यात सर्वांत जास्त काळजीची वाटते, कारण तिथे नाव, आडनाव, घर आणि गल्ली सारे तेच असते, आणि वडिलांचे नाव केवळ आद्याक्षराने लिहिलेले असेल तर दोघांना वेगळे ओळखण्याची खूण जन्मतारखेशिवाय दुसरी राहत नाही. जुन्या सभासदांच्या जन्मतारखा तर पुष्कळदा कोऱ्याच असतात.

एका संस्थेत अशी स्वच्छता मूळ नोंदींच्या प्रतीवर करून पाहिली गेली. एजंटने सुचवलेले बहुतेक बदल योग्य होते, आणि काही तर खरोखर कौतुक करण्यासारखे होते. जुन्या लेखनिकांनी गल्ल्यांच्या नावांचे जे आपापल्या पद्धतीने संक्षेप केले होते, ते त्याने संदर्भावरून अचूक उलगडले. पण त्याच फेरीत दिवंगत आजोबांचे भाग (शेअर) आणि नातवाचे बचत खाते एकाच ग्राहक क्रमांकाखाली आले, आणि दोन्ही कंग्राळींचे एक गाव झाले. एजंटच्या अहवालात या बदलांपुढे ‘दुबार नोंद काढली’ अशी टीप होती. चूक ही चूक म्हणून कुठेच दिसत नव्हती. पूर्ण झालेल्या कामांच्या यादीत ती इतर योग्य बदलांच्या ओळीत बसलेली होती.

एका नोंदीत झालेली चूक काउंटरवर सापडते. पासबुक घेऊन आलेला सभासद ‘ओ मॅडम, हे नाव माझं न्हवं’ म्हणतो, लेखनिक कागद पाहतो आणि दुरुस्ती करतो. मोठ्या संख्येने झालेल्या बदलांतल्या चुकांना असा काउंटर मिळत नाही. त्या लाभांश वाटताना, वारसाने दावा केल्यावर किंवा वार्षिक सभेपूर्वी मतदार यादी लावल्यावर बाहेर येतात, आणि तोपर्यंत त्यांच्यावर व्याजाच्या, हप्त्यांच्या आणि केवायसीच्या नव्या नोंदींचे थर चढलेले असतात. हाताने काम करणारा लेखनिक दिवसभरात ज्या थोड्या नोंदी बदलू शकत असे, ती त्याच्या हाताची मर्यादाच आजवर आपले संरक्षण करत होती, आणि ती नियमात कधी लिहावीच लागली नाही म्हणून तिचे महत्त्व आपल्या ध्यानात आले नाही. एजंट आल्यावर ती मर्यादा नाहीशी झाली, परंतु परवानगीची रचना मात्र हाताच्या काळातली राहिली: ज्याला एक नोंद बदलता येते त्याला सगळ्या बदलता येतात.

यावर अनेकांचा पहिला उपाय असतो तो एजंटला नीट बजावून सांगण्याचा. तो पुरत नाही, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण जुलै 2025 मधले आहे. अमेरिकेतले गुंतवणूकदार जेसन लेमकिन हे रेप्लिट या कंपनीच्या एजंटकडून एक सॉफ्टवेअर बनवून घेण्याचा प्रयोग करत होते. आता काहीही बदलू नये असे त्यांनी पुन्हा पुन्हा लिहून सांगितलेले असताना एजंटने चालू डेटाबेस पुसून टाकला, ज्यात 1,200 हून अधिक कंपनी-अधिकाऱ्यांची माहिती होती. ती माहिती परत आणता येणार नाही असेही त्याने सांगितले, आणि तेही खरे ठरले नाही, कारण लेमकिन यांना ती परत मिळवता आली. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी हे घडायलाच नको होते असे जाहीरपणे मान्य केले आणि प्रयोगाचा डेटाबेस चालू डेटाबेसपासून आपोआप वेगळा ठेवण्याची सोय केली. सूचना एजंटच्या आत जाते आणि तिथे ती समोरच्या कामाच्या ओढीशी तोलली जाते. परवानगीचा अडसर एजंटच्या बाहेर असतो आणि त्याच्या समजुतीवर अवलंबून नसतो. मसाद यांनी केलेली दुरुस्ती या दुसऱ्या प्रकारची होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

यातले मूळ तत्त्व नवे नाही. प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या कामापुरतेच, कमीत कमी अधिकार असावेत, हे जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी 1975 मध्येच मांडले होते, आणि एकाच किल्लीपेक्षा दोन हातांत असलेल्या दोन किल्ल्या अधिक सुरक्षित असतात हेही त्याच लेखात त्यांनी सांगितले होते. सॉफ्टवेअरच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या भाषा-मॉडेलविषयक (असे एजंट ज्या एआयवर चालतात त्याविषयीच्या) धोक्यांच्या यादीत एजंटला गरजेपेक्षा जास्त मुखत्यारी देणे हा स्वतंत्र धोका म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याची मुळे जास्तीची साधने, जास्तीचे अधिकार आणि जास्तीची स्वायत्तता अशी सांगितलेली आहेत. आमच्याकडे प्रत्यक्षात काय घडते? वेगळे खाते तयार करायला विक्रेत्याला वेळ नसतो म्हणून एजंट मॅनेजरच्या लॉगिनवरच चालवला जातो. मॅनेजरला कर्जमंजुरीपासून दिवसअखेरीपर्यंत सर्व अधिकार असतात, ते सारे एजंटला मिळतात, आणि नंतर लॉग, म्हणजे कोणी काय बदलले याची आपोआप होणारी नोंद, पाहिला तर प्रत्येक बदलापुढे मॅनेजरचेच नाव असते. उद्या सहकार खात्याच्या लेखापरीक्षकाने हा बदल कोणी केला असे विचारले तर त्या प्रामाणिक मॅनेजरने काय उत्तर द्यावे?

म्हणून पहिली गोष्ट एजंटचे स्वतःचे खाते. त्या खात्याला सभासदांच्या मूळ तक्त्यात लिहिण्याचा अधिकार मुळीच देऊ नये. वाचण्याचा द्यावा, तोही कामाला लागणाऱ्या रकान्यांपुरता. एजंटने आपले बदल ‘प्रस्ताव’ नावाच्या वेगळ्या तक्त्यात लिहावेत: कोणती नोंद, कोणता रकाना, आधीचे मूल्य, नवे मूल्य आणि कारण. मूळ तक्त्यात बदल करणारी प्रक्रिया निराळी असावी, निराळ्या खात्याने चालावी, आणि मंजुरीशिवाय चालू नये. पोस्टग्रेस ही डेटाबेस-प्रणाली वापरणाऱ्यांना यापुढे आणखी एक अडसर घालता येतो. 2017 मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून एका आज्ञेने बदललेल्या सर्व ओळी ट्रिगरला, म्हणजे बदल होताच डेटाबेस आपोआप चालवतो त्या छोट्या प्रोग्रामला, एकत्र मोजता येतात, आणि त्या ठरवलेल्या संख्येपेक्षा जास्त असतील तर ती आज्ञा पूर्णपणे रद्द करता येते. तक्त्याची मालकी मात्र एजंटच्या खात्याकडे नसावी, कारण मालकाला ट्रिगर बंद करता येतो; आणि तक्ता एकदम रिकामा करणाऱ्या ट्रंकेट आज्ञेचा अधिकार वेगळा असल्याने तो न देण्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस-प्रणालीत अट न घालता केलेला अपडेट किंवा डिलीट अडवणारी ‘सेफ अपडेट्स’ ही सोय आहे आणि माणसांसाठी ती फार उपयोगी आहे. परंतु ती त्या त्या सत्रापुरती असते आणि सत्र चालवणाऱ्यालाच ती बंद करता येते, त्यामुळे एजंटला आवरण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

येथे एक बारकावा आहे आणि तो पुष्कळ चांगल्या रचनांमधून निसटतो. एका वेळी पन्नासपेक्षा जास्त नोंदी बदलू नयेत अशी मर्यादा घातली, की एजंट पन्नास-पन्नासचे गट पाडतो आणि काम पूर्ण होईपर्यंत तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवतो. यात लबाडी नसते. त्याला काम पूर्ण करायला सांगितलेले असते, मर्यादेचा संदेश त्याला एक तांत्रिक अडथळा म्हणून दिसतो, आणि अडथळ्यातून वाट काढणे हेच तर त्याला शिकवलेले आहे. आपल्या दृष्टीने मात्र एका आज्ञेत पाच हजार नोंदी बदलणे आणि शंभर आज्ञांत पाच हजार नोंदी बदलणे यांत काडीचाही फरक नाही. म्हणून मर्यादा आज्ञेवर नसावी, कामावर असावी: एका मंजूर कामाखाली, एका दिवसात, एका शाखेत एकूण किती नोंदी बदलल्या याची बेरीज एजंटच्या हाताबाहेरच्या तक्त्यात ठेवावी, आणि ती भरली की पुढचा बदल माणसाने पाहिल्याशिवाय होऊ नये. अडवल्यावर एजंटला मिळणारा संदेशही नीट लिहावा. ‘त्रुटी’ एवढेच लिहिले तर तो पुन्हा प्रयत्न करील. ‘मर्यादा संपली, काम थांबवा, अमुक अधिकाऱ्याची मंजुरी लागेल’ असे लिहिले तर बहुधा थांबेल, आणि थांबला नाही तरी अडसर जागेवर असेलच.

आता मंजुरी कशी असावी हा प्रश्न. जमिनीचा फेरफार कसा होतो हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. तलाठ्याने नोंद धरली म्हणून उतारा बदलत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, वरचा अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो, आणि कोणत्या फेरफाराने कोणते नाव आले व कोणते गेले याचा माग कायम राहतो. कर्नाटक सरकारने ‘भूमी’ प्रकल्पात हे उतारे संगणकावर आणले तेव्हाही नोंद करणारा आणि मंजूर करणारा यांच्यातला भेद कायम ठेवला, आणि बदल करणाऱ्याला पुढे ‘मी केला नाही’ असे म्हणता येऊ नये म्हणून बोटाच्या ठशाने लॉगिन करण्याची पद्धत आणली. ज्या व्यवहारात एका नावाच्या फरकाने घरे उभी-आडवी फाटतात, तिथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने घडलेली ही रीत आहे, आणि एजंटने सुचवलेल्या बदलांना तीच लावावी असे माझे म्हणणे आहे.

त्या रीतीतून मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही, की मंजुरी एका विशिष्ट, लिहिलेल्या, गोठवलेल्या नोंदीला असते. ‘या तलाठ्याला फेरफार करू द्या’ अशी सरसकट मंजुरी कोणी देत नाही. एजंटच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो. पडद्यावर ‘4,000 नोंदी बदलायच्या आहेत, पुढे जाऊ का?’ असा प्रश्न येतो, मॅनेजर ‘होय’ दाबतो, आणि त्यानंतर एजंट त्या क्षणी त्याला योग्य वाटतील ते बदल करतो. मंजुरी देणाऱ्याने जी यादी पाहिली तीच अंमलात येईल याची कोणतीही हमी त्यात नसते. हमी हवी असेल तर प्रस्तावांची यादी पूर्ण झाल्यावर तिचा एक अंकीय ठसा, म्हणजे मजकुरावरून काढलेला आणि मजकूर बदलला की बदलणारा संकेतांक, घ्यावा, मंजुरी त्या ठशाशी जोडावी, आणि यादीत एक अक्षर जरी बदलले तरी मंजुरी आपोआप रद्द व्हावी. मधल्या काळात काउंटरवर एखाद्या सभासदाने स्वतः येऊन आपले नाव दुरुस्त करून घेतले असेल, तर ‘आधीचे मूल्य’ जुळणार नाही आणि तेवढा बदल वगळला जाईल, हेही त्याच रचनेतून साधते.

चार हजार ओळींची यादी कोणी वाचत नाही, हे मला मान्य आहे. पहिल्या वीस ओळी पाहून खाली सही करणे हा माणसाचा स्वभाव आहे, आणि पहिल्या वीस ओळी नेहमीच निर्दोष दिसतात. म्हणून यादी क्रमांकानुसार न लावता बदलाच्या प्रकारानुसार लावावी. जागा आणि विरामचिन्हे काढलेल्या नोंदी एका गटात येतात आणि त्या एका नजरेत संपतात. नावातले अक्षर बदललेल्या दुसऱ्या गटात. दोन नोंदी एक केलेल्या तिसऱ्या गटात, आणि हा गट संपूर्ण वाचलाच पाहिजे. एकाच घरातील दोन माणसे, मयत सभासद, जामीनदार, नामनिर्देशित वारस यांना स्पर्श करणारा प्रत्येक बदल आपोआप सर्वांत वर यावा. काम सुरू करण्यापूर्वीच मॅनेजरने आपला अंदाज लिहून ठेवावा की साधारण किती नोंदी बदलतील. एजंटची संख्या त्या अंदाजाच्या दुप्पट निघाली तर एकही ओळ न वाचता काम थांबवायला तेवढे कारण पुरेसे आहे.

मंजुरी कोणी द्यावी याविषयी माझे मत ठाम आहे: ज्याला माणसे ठाऊक आहेत त्याने. बंगळूर किंवा पुण्यात बसलेल्या विक्रेत्याच्या अभियंत्याला दोन्ही कंग्राळींतला फरक कळण्याचे कारण नाही, पण त्या शाखेत अनेक वर्षे काम केलेल्या लेखनिकाला तो झोपेतही सांगता येतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही, ज्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय होण्याची शक्यता आहे ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत ठेवण्याची जबाबदारी माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. संस्था ती जबाबदारी विक्रेत्याच्या एजंटकडे ढकलू शकत नाही.

बदल परत फिरवता येईल या भरवशावर मर्यादा सैल करण्याचा मोह होतो, आणि तो भरवसा बहुतेकदा तपासलेला नसतो. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चालू डेटाबेसची माहिती पुसली गेली, तेव्हा बॅकअपच्या अनेक व्यवस्था असूनही त्या ऐनवेळी निकामी किंवा अपुऱ्या असल्याचे उघड झाले, आणि सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. ती चूक माणसाची होती, एजंटची नव्हती. बॅकअपचा धडा मात्र दोघांनाही सारखाच लागू आहे. शिवाय रात्रीचा बॅकअप परत आणणे म्हणजे दिवसभरातल्या भरणा-उचलीवर पाणी सोडणे, आणि ते कोणतीही संस्था करणार नाही. खरा उपाय प्रत्येक बदलाचे आधीचे मूल्य जपून ठेवण्याचा आहे, म्हणजे चुकलेला गट तेवढाच मागे घेता येतो. कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारी बदल-नोंद असण्याचा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. सहकारी संस्थांनी तो नियम आपल्याला लागू आहे की नाही याची वाट न पाहता तशी मागणी विक्रेत्याकडे करावी. काही परिणाम मात्र कशानेही मागे घेता येत नाहीत. सभासदाला गेलेला एसएमएस आणि दुसऱ्या बँकेकडे गेलेली रक्कम परत बोलावता येत नाही, म्हणून अशा कामांची साधने एजंटला देऊच नयेत.

नोंदींमधला मजकूरही तपासावा लागतो. शेरा हा रकाना कोणीही काहीही लिहिण्यासाठी मोकळा असतो, ऑनलाइन अर्जातून आलेला शेरा तर सरळ बाहेरच्या माणसाचा असतो, आणि ‘हे वाचणाऱ्याने अमुक खाती बंद करावीत’ अशा अर्थाचे वाक्य तिथे असेल तर एजंट त्याला माहिती न समजता आज्ञा समजण्याची शक्यता राहते. हा धोका 2022 पासून ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ या नावाने ओळखला गेला आहे आणि त्यावर खात्रीचा उपाय अजून नाही. प्रस्तावाचा तक्ता आणि माणसाची मंजुरी असेल तर अशी घुसलेली आज्ञा निदान यादीत उठून दिसते.

‘मॅडम, एवढं सगळं करायचं तर एजंट कशाला?’ असे एका सचिवांनी मला विचारले, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. शोधणे, जुळवणे, कारण लिहिणे हे नव्वद टक्के कष्टाचे काम एजंट करतोच, माणसाकडे फक्त निर्णय उरतो, असे मी त्यांना सांगितले. आणि सर्व रकान्यांना सारखीच कडक मर्यादा लावावी असे माझे म्हणणे नाही. पिनकोडमधली मोकळी जागा काढण्याच्या कामात अनेक फेऱ्या निर्दोष गेल्या, तर त्या एका प्रकारापुरती मर्यादा वाढवावी. दोन सभासद एक करण्याच्या कामाला मात्र मर्यादा कधीच वाढवू नये, तिथे प्रत्येक जोडी माणसानेच पाहावी. वाढवलेली मर्यादा मुदतीची असावी, आणि विक्रेत्याने मॉडेल बदलले की ती पुन्हा मूळ संख्येवर यावी, कारण आधीचा विश्वास आधीच्या मॉडेलने कमावलेला असतो.

मंजुरीचा पडदा कोणत्या भाषेत असावा ही आमच्या भागातली शेवटची अडचण. विक्रेत्यांचे पडदे इंग्रजीत असतात, मूळ कागद कन्नड किंवा मराठीत असतो, आणि मंजुरी देणारा लेखनिक मनात नाव मराठीत वाचत असतो. इंग्रजीतल्या दोन वळणांपैकी कोणते बरोबर, असे त्याला विचारण्यात काही अर्थ नाही. त्याला मूळ अर्जाचा स्कॅन, त्यावरचे कन्नड किंवा मराठी नाव आणि एजंटने सुचवलेले इंग्रजी नाव एकाच ओळीत दिसले पाहिजे, आणि ‘होय’, ‘नाही’ यांच्या जोडीला ‘सभासदाला विचारून सांगतो’ असे तिसरे बटण असले पाहिजे. मी ज्या संस्थांसाठी करारातल्या अटी लिहून देते त्यांत हे तिसरे बटण आता नावानिशी घालते, आणि ते दाबलेल्या नोंदी एजंटने परत उचलू नयेत, त्या शाखेच्या टेबलावर छापून याव्यात, असेही त्याच कलमात लिहिते.